मार्जार, मार्जारी आणि मांजर

भारतीय वाङ्मयपरंपरेतील प्राणिप्रतीकांचा विचार करताना मराठी समीक्षेने बहुधा कोशाची वाट धरलेली दिसते. हंस म्हणजे विवेक, चातक म्हणजे एकनिष्ठा, भ्रमर म्हणजे चंचल रसिकता, अशी समीकरणे मांडली की प्रतीकविचार पूर्ण झाला असे मानले जाते. पदवीसाठी लिहिल्या जाणाऱ्या प्रबंधांत तर अशा समीकरणांची कोष्टकेच आढळतात. मांजर हे या पद्धतीपुढे अडचण उभी करणारे जनावर आहे. बगळा ढोंगी आणि गाय वत्सल, येथवर कोष्टक सुरळीत चालते. मांजर मात्र एका परंपरेत खोट्या तपस्व्याचे, तर दुसऱ्या परंपरेत साक्षात परमेश्वराचे उपमान झालेले आहे. परस्परविरोधी अर्थ धारण करणे हा प्रतीकाचा स्वभावच होय, हे नेहमीचे उत्तर येथे अपुरे पडते; कारण हा विरोध आला कोठून, याविषयी ते मौन पाळते. मांजर कोणी पाहिले, घराच्या कोणत्या कोपऱ्यात पाहिले आणि त्याच्या आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर पाहिले, हे प्रश्न विचारल्याखेरीज या विरोधाचा उलगडा होत नाही.

भाषेपासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. ‘मार्जार’ हा शब्द ‘मृज्’ म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे या धातूशी जोडला जातो. सतत अंग चाटून स्वतःला निर्मळ ठेवणारा प्राणी, असे हे नामकरण आहे. पापपुण्याची छाया त्याच्यावर नाही. उंबऱ्यावर बसलेल्या जनावराकडे कोणीतरी निवांतपणे पाहिले होते, एवढेच ते सांगते. पुढे मात्र वाटा फुटतात. ढोंगी तपस्वी ठरलेला ‘मार्जार’ पुल्लिंगी आहे. पिल्लू तोंडात धरून नेणारी ‘मार्जारी’ स्त्रीलिंगी आहे. आणि मराठी घरात चुलीजवळ अंगाची मुटकुळी करून झोपते ते ‘मांजर’ नपुंसकलिंगी आहे. बोका आणि भाटी हे शब्द हाताशी असूनही रोजच्या बोलण्यात ते ‘मांजर’च राहते आणि लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू यांच्या पंगतीत जाऊन बसते. व्याकरणातील हा योगायोग असेलही. तथापि उपरोधाला पुरुष लागला, कृपेला आई लागली आणि सांभाळाच्या भाषेने या दोन्हींवाचून आपले काम भागवले, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही.

उपरोधाची परंपरा अधिक परिचित आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ‘बैडालव्रतिक’ मनुष्याची निंदा येते. पंचतंत्रातील दधिकर्ण आणि हितोपदेशातील दीर्घकर्ण हे त्याच कुळातले. या सर्वांत कलादृष्ट्या सरस रूप महाभारताच्या उद्योगपर्वात आढळते. गंगातीरी एक मार्जार बाहू उंचावून तप करतो; उंदरांचा त्याच्यावर विश्वास बसतो आणि ते त्याला आपला रक्षक नेमतात; तपाने क्षीण झाल्याची सबब सांगून तो नदीपर्यंत नेण्याची विनंती करतो आणि रोज काही उंदीर कमी होत जातात. कपट उघडकीस येते ते मोठ्या मार्मिक रीतीने. कंदमुळे खाऊन राहणाऱ्याच्या विष्ठेत केस कसे सापडतील, असा प्रश्न एक शहाणा उंदीर उपस्थित करतो. बोधकथेच्या ठरीव साच्यात न मावणारा हा तपशील आहे. ज्याने मांजराची घाण प्रत्यक्ष काढली आहे, त्यालाच तो सुचावा. महाबलीपुरम येथील सातव्या शतकातील भव्य शिल्पपटावरही पुढचे पंजे उंचावून उभा असलेला मार्जार आणि त्याच्याभोवतीचे उंदीर कोरलेले आहेत. शिल्पकाराने त्याला खऱ्या तपस्व्याच्या सान्निध्यात उभे केले. पटाचा विषय अर्जुनाची तपश्चर्या की गंगावतरण, हा वाद काही असो. तपाच्या भव्य दृश्यात तपाचे विडंबन सामावून घेणारी ही दृष्टी पुढच्या नीतिकथाकारांपेक्षा कितीतरी प्रौढ आहे.

ही कथा सांगतो कोण, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. उलूकाकरवी युधिष्ठिराला पाठवलेल्या निरोपात ती दुर्योधनाने घातलेली आहे. म्हणजे महाभारतात मांजराच्या दंभाचा निवाडा देणारा वक्ता स्वतःच संशयास्पद आहे आणि ज्याला मार्जार ठरवले जाते तो धर्मराज आहे. प्रतीककोशात ‘मार्जार म्हणजे दंभ’ अशी नोंद होते तेव्हा ही सारी वक्रता गळून पडते. त्याच महाकाव्याच्या शांतिपर्वात लोमश नावाचा मार्जार जाळ्यात सापडतो आणि पलित नावाचा उंदीर त्याचे पाश कुरतडतो. तेथे मार्जार दांभिक नाही. तो संकटात सापडलेला एक जीव आहे. सुटकेनंतर पलित त्याची मैत्री नाकारतो, तीही तो कपटी आहे म्हणून नव्हे, तर तो मांजर आहे म्हणून. या दोन कथा शेजारी ठेवून वाचल्या तर बैडालव्रताच्या कल्पनेतील गोम ध्यानी येते. मांजराची निश्चलता ही शिकारीची निश्चलता आहे. त्याने कधी कोणते व्रत घेतलेले नसते. व्रत पाहणारा त्याच्यावर लादतो आणि मग व्रतभंगाचा आरोपही तोच करतो.

हे लादणे केवळ वाङ्मयापुरते नाही. शाकाहारी घरांत मांजराला दूधभातावर वाढवण्याची रीत जुनी आहे. मांजर हा अनिवार्यपणे मांसाहारी प्राणी. टॉरिन हे द्रव्य त्याचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही आणि ते वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. त्याच्या अभावाने मांजराची दृष्टी जाते, आणि हृदयाचा स्नायू दुर्बळ होण्याशीही त्याचा संबंध असल्याचे १९८७ साली दाखवून देण्यात आले. प्रौढ मांजरांपैकी पुष्कळांना दूधही पचत नाही. दूधभातावर ठेवलेल्या मांजराने चिमणी धरली की घरात त्याला ढोंगी म्हटले जाते. उद्योगपर्वातील उंदरांना हे शरीरशास्त्र अधिक ठाऊक होते असे म्हणावे लागेल. ‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ ही म्हणही याच आरोपपत्राचा भाग आहे. त्या म्हणीत दूध कोणाच्या इच्छेने मांजरासमोर आले, याचा उल्लेख असण्याचे कारण नाही.

मार्जारन्यायाची भूमी वेगळी आहे. रामानुजाचार्यांनंतरच्या श्रीवैष्णव संप्रदायात प्रपत्तीच्या स्वरूपाविषयी जो मतभेद उत्पन्न झाला, तो पुढे दोन न्यायांच्या रूपाने सांगितला जाऊ लागला. वेदान्तदेशिकांना (१२६८–१३६९) प्रमाण मानणारा वडकलै पक्ष मर्कटन्यायाचा. वानराचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः बिलगून राहते, त्याप्रमाणे जीवाकडूनही शरणागतीची काही कृती घडली पाहिजे. पिळ्ळै लोकाचार्यांना अनुसरणारा तेंकलै पक्ष मार्जारन्यायाचा. मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही. आई त्याची मान तोंडात धरते आणि नेते. कृपा निर्हेतुक आहे. दोन समृद्ध दर्शनांची ही संक्षिप्त खूण आहे, त्यांचा सारांश नव्हे, हे मात्र विसरता कामा नये. देशिकांनाही जीवाची कृती हे कृपेचे मूल्य वाटत नव्हते; ते केवळ निमित्त होते.

या उपमानाची जात मराठी संतकाव्याच्या संदर्भात विशेष स्पष्ट होते. संतांच्या मातृप्रतिमांत गाय आहे, पक्षिणी आहे आणि नुसत्या दृष्टीने पिलांचे पोषण करणारी कासवी आहे. मांजरीला तेथे तशी प्रतिष्ठा लाभली नाही. कासवीची प्रतिमा अत्यंत हृद्य असली तरी ती कविसंकेत आहे. कासवी अंडी घालून निघून जाते. पिलांकडे पाहत राहणारी कासवी कोणी पाहिलेली नाही. चंद्रकिरण पिणाऱ्या चकोराइतकीच ती काव्यसत्य आहे. मार्जारी मात्र माळ्यावरून कोठीत, कोठीतून लाकडांच्या ढिगामागे पिल्ले हलवताना प्रत्येक घराने पाहिलेली असते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, हे मराठी आजीबाईंचे वाक्य दर्शनशास्त्र न शिकता केलेले अचूक निरीक्षण आहे. संकेतातून आलेल्या प्रतीकाला वस्तुस्थितीची आच लागत नाही. निरीक्षणातून आलेले प्रतीक मात्र वस्तुस्थितीला बांधील राहते, आणि म्हणूनच त्याला प्रश्न विचारता येतात.

पहिला प्रश्न त्याच्या बाजूचा आहे. मान धरताच पिल्लू अंग सैल सोडते, पाय पोटाशी घेते आणि गप्प होते. ही शरणागती शिकलेली नसून शरीरात रुजलेली आहे. त्याचे डोळे दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. पहिले काही आठवडे आईने चाटल्याशिवाय त्याला मलमूत्रविसर्जनही करता येत नाही आणि ती घाण आई चाटूनच नाहीशी करते. तेंकलै आचार्यांनी वात्सल्याची व्याख्या ‘दोषभोग्यता’ अशी केली. ईश्वर भक्ताच्या दोषांकडे दुर्लक्ष करतो एवढेच नव्हे, तर ते त्याला भोग्य वाटतात, आणि त्यासाठी नवजात वासराचे अंग चाटणाऱ्या गाईचे उदाहरण दिले जाते. मार्जारीच्या संदर्भात ही कल्पना अलंकाराचे रूप टाकून शब्दशः खरी ठरते. सांभाळाचे जे अंग शिष्ट भाषेने बाहेर ठेवले, ते धर्मचिंतनाने असे आत घेतले, ही मोठीच घटना होय.

दुसरा प्रश्न प्रतिकूल आहे. न्यायातील पिल्लू मोठे का होत नाही? चौथ्या आठवड्यापासून मांजरी दूध तोडू लागते. आठव्याच्या आसपास ती अंगाशी येणाऱ्या पिल्लावर फिसकारते. वाढलेल्या मांजराला मानेला धरून उचलू नये, असे पशुवैद्य सांगतात. जे आईच्या तोंडात निश्चिंतपणा देते तेच मानवी मुठीत त्रास आणि भय देते. म्हणजे मार्जारन्याय मांजराच्या चरित्रातले पहिले काही आठवडे घेतो आणि तेथेच काळ थांबवतो. यावर तेंकलै पक्षाचे उत्तर तयार असेल: ईश्वरापुढे जीव कधीच प्रौढ होत नाही. हे उत्तर दर्शन म्हणून समर्थ आहे. समीक्षेला मात्र नोंद करावी लागते की ते उत्तर मांजराकडून आलेले नाही. उपमान जेथे संपते तेथे सिद्धान्ताने स्वतःच्या पायांवर चालायला आरंभ केला आहे. शिवाय न्यायात माणूस कोठेच नाही. मांजरी, पिल्लू आणि पिल्ले ठेवण्याच्या जागा आहेत. ज्याच्या घरात ती फिरते, तो अदृश्य आहे.

तो दिसू लागतो बंगालमध्ये. अपत्यरक्षक षष्ठीदेवीचे वाहन तेथे मांजर आहे. तिच्या व्रतकथेतील सून घरातले पदार्थ चोरून खाते आणि आळ मांजरावर घालते. तेव्हा मांजर तिची अपत्ये एकामागून एक उचलून नेते. बैडालव्रताच्या सर्व कथांना दिलेले हे स्त्रियांचे प्रत्युत्तर आहे. येथे खोटे बोलतो तो माणूस, आणि मांजर फिर्यादी. बंकिमचंद्रांनी ‘कमलाकान्तेर दप्तर’मधील ‘बिडाल’ या लेखात दूध चोरणाऱ्या मांजरालाच युक्तिवाद करायला लावून चोरी आणि साठेबाजी यांचा हिशेब मागितला, त्यामागे ही लोकस्मृती नसेलच असे म्हणवत नाही.

रामकृष्णांकडे (१८३६–१८८६) हे दोन्ही प्रवाह येऊन मिळतात. ‘कथामृता’त ते वानराच्या आणि मांजरीच्या पिल्लाचा दृष्टान्त पुनःपुन्हा सांगतात, आई त्याला कधी स्वयंपाकघरात ठेवते, कधी जमिनीवर, कधी बिछान्यावर, आणि पिल्लाला केवळ म्यांव करणे ठाऊक असते. जागांची ही नावे घेताच शास्त्रातला न्याय पुन्हा घरात येतो. परंतु त्याहून महत्त्वाचा आहे तो त्यांनी स्वतः सांगितलेला प्रसंग. दक्षिणेश्वरी देवीच्या नैवेद्यासाठी असलेले अन्न त्यांनी मांजराला खाऊ घातले, कारण मांजरातही त्यांना तीच माता दिसली. मंदिराच्या व्यवस्थापकाने मथुरबाबूंकडे लेखी तक्रार केली. त्यांना हवे ते करू द्यावे, असे मथुरबाबूंचे उत्तर आले. दृष्टान्तात देणारी मांजरी आहे आणि घेणारा जीव. प्रसंगात देणारा माणूस आहे आणि घेणारी देवता, तीही भुकेली. अभ्यासक दृष्टान्त उद्धृत करतात आणि प्रसंग ‘भावावस्था’ म्हणून बाजूला ठेवतात. वस्तुतः त्या प्रसंगात दृष्टान्त उलटा झालेला आहे, आणि व्यवस्थापकाला तो बोचला हे त्याच्या वाचनक्षमतेचेच लक्षण मानावे लागेल.

या उलटण्याचे रोजच्या व्यवहारातील रूप शारदादेवींच्या चरित्रात सापडते. तेथे भावावस्थेचा आधारही लागत नाही. त्यांच्या घरी मांजरे वावरत आणि आश्रयाला असलेल्या एका ब्रह्मचाऱ्याला त्यांचा उपद्रव सहन होत नसे. चोरून खाणे हा मांजराचा धर्मच आहे, असे त्यांचे मत होते. मांजरांना मारू नये, त्यांच्यातही आपणच आहोत, असे त्यांनी त्याला बजावले आणि दुसऱ्यांच्या घरी जाण्याची त्यांना गरज पडू नये म्हणून त्यांच्या वाटचा भात शिजवायला सांगितले.