बैठकीची लावणी : खोली एकीकडे, गाणं दुसरीकडे

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे येणारा रस्ता पुणे-सोलापूर महामार्गाला मिळतो तो चौफुल्याला. दौंड तालुक्यातल्या या परिसरात संगीत बारीची कला केंद्रं आहेत. वर्तमानपत्रात चौफुल्याचं नाव येतं ते बहुधा पोलिसांच्या बातमीत. संगीतावर लिहिणारे इकडे फिरकत नाहीत. वास्तविक मोजक्या जाणत्यांसमोर, एका खोलीत, दोन-तीन साजिंद्यांच्या साथीनं गायचं असं जे संगीत मराठी मुलखात घडलं, त्याचा एक मोठा हिस्सा या बाऱ्यांनीच सांभाळला.

शेजारचा शिरूर तालुका फडाच्या तमाशाशी जोडलेला. कवठे येमाईच्या मोमीन कवठेकरांनी फडांसाठी लावण्या लिहिल्या, वग लिहिले. २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर पुरस्कार त्यांना मिळाला. फड म्हणजे कनात, जत्रेतली गर्दी, गण-गवळण आणि वग. बारीचा मामला निराळा. एका थिएटरात अनेक पार्ट्या, मालकिणींच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या. आळीपाळीनं प्रत्येकीची बारी. ती आटोपली की फर्माईश करणाऱ्यांसाठी आतली बैठक. साथीला पेटी, तबला, ढोलकी. बाई बसूनच मुखडा उचलते आणि त्याच ओळीवर पुन्हा पुन्हा येते. एकदा रुसवा, एकदा टोमणा, एकदा नुसती भुवई. शब्द तेच, पण दरवेळी ओळ वेगळं काही सांगते. ठुमरी-दादऱ्याशी असलेलं नातं उघड आहे, तरी बोलण्यातला खट्याळपणा अस्सल इथला.

ही कला जुनाट होती, काळानं तिला मागे टाकलं, असं सरसकट बोललं जातं. मला ते पटत नाही. गेल्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत मराठी संगीतात जे जे नवं होतं, तिथं बैठकीची गायिका हजर होती. १९११ च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांनी बैठकीतल्या ठुमरीच्या, पूरब ढंगाच्या चाली रंगभूमीवर आणल्या. १९१९ च्या ‘एकच प्याला’ला चाली मिळाल्या त्या पुण्याच्या बैठकीच्या गायिका सुंदराबाई जाधव यांच्याकडून. बालगंधर्वांचा गळा सगळ्यांच्या लक्षात राहिला, चाली देणारीचं नाव मात्र जाणकारांपुरतं उरलं. याच सुंदराबाईंच्या लावण्या तबकड्यांवर निघाल्या आणि १९३९ च्या ‘माणूस’ या बोलपटात त्या नायकाच्या आई झाल्या. बैठक, नाटक, ग्रामोफोन, बोलपट असा चौफेर वावर त्या काळी किती गवयांच्या वाट्याला आला?

तबकडीनं एक घातही केला. तीन मिनिटांत मुखडा आणि अंतरे बसवायचे, तर ओळ घोळवायला जागाच उरत नाही. अदा तर ऐकूच येत नाही. त्याच सुमारास, १९१८ मध्ये, व्हिएन्नात संगीतकार शोनबर्गनं खासगी वादनासाठी एक मंडळ काढलं. सभासदांनाच प्रवेश, टाळ्यांना मनाई, टीकाकारांना दार बंद. नवं संगीत बाजारापासून वाचवायचं तर खोलीच हवी, हे त्यानं ओळखलं होतं. आपल्याकडे खोली आयतीच होती, फक्त तिथं दाद आणि दौलतजादा यांच्याशिवाय गाणं पुढे सरकत नसे. त्या पैशामागे बारीत गाणाऱ्या कोल्हाटी समाजातल्या मुलींचं जे आयुष्य होतं, ते किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन वाचल्यावर कुणाला रम्य वाटणार नाही. म्हणून ही बैठक मोडत गेली याचं सगळ्यांनाच दुःख झालं नाही, आणि ते योग्यच होतं.

पुढे आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी वर्ज्य ठरवली. बारीचं गाणं तर पेटीवरच उभं. मग सिनेमातली लावणी आली. ‘पिंजरा’तल्या राम कदमांच्या चाली मला आजही आवडतात, परंतु लावणी म्हणजे ठेका आणि घोळक्यानं नाच, ही समजूत पडद्यानंच पक्की केली. आता कला केंद्रात फर्माईश होते तीही बहुतेक सिनेमातल्या गाण्यांची.

शहरात उलटं चित्र आहे. लावणीगायिका यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. भूषण कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक २०१४ मध्ये आलं. सावित्री मेधातुल यांच्यासह त्यांनी त्याचा रंगमंचीय प्रयोग उभा केला, त्यात शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या मुरलेल्या कलावंत. गेल्या काही वर्षांत या कलेबाबत झालेलं हे सर्वांत चांगलं काम. माझी कुरकुर इतकीच की रंगमंचावर निवेदन गाण्याच्या आधी येतं. काय ऐकायचं हे अगोदरच सांगितलं की हशा विनोदाला मिळतो, पण सुरातली खोच तशीच निसटते. चौफुल्याला खोली आहे पण मागणी दुसऱ्याच गाण्याची. पुण्या-मुंबईत बालेघाटी लावणी ऐकायला माणसं तिकीट काढतात, पण ती बसतात अंधारात, गाणारीच्या नजरेच्या टप्प्याबाहेर.

कला केंद्रांत डीजे नको, पारंपरिक वाद्यंच हवीत, ही मागणी कलावंतांमधूनच पुढे आली आहे. तिच्याकडे नीतीचा किंवा परंपरेचा प्रश्न म्हणून पाहिलं जातं. माझ्या लेखी तो आधी गाण्याचा प्रश्न आहे. पेटीवाला बाईकडे बघून थांबतो, तबलजी तिच्या भुवईवर सम सोडतो. डीजेचा ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, आणि तो थांबत नाही तोवर एका ओळीवर दुसऱ्यांदा येणं शक्यच नाही.