एका भिंतीचं परीक्षण

नाटकाचं परीक्षण येतं, पुस्तकाचं येतं, गाण्याचं तर गवई घरी पोचायच्या आत येतं. भिंतीचं परीक्षण कुणी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक नाटक पडलं तर माणूस मध्यंतरात उठून घरी जातो. घरच्याच भिंतीचा प्रयोग फसला तर त्याने उठून जायचं कुठे? म्हणून हा प्रपंच.

भिंत आमच्याच दिवाणखान्यातली. डोंबिवलीची आमची १९७८ सालची तीन मजली इमारत पाडून तिच्या जागी टॉवर झाला आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावरून सोळाव्या मजल्यावर गेलो. चिरंजीवांनी ठरवलं, आता घर नीट 'करून घ्यायचं'. म्हणजे डिझायनर आली. मुलगी गुणी, हसतमुख, मला 'काका' म्हणणारी. तिच्यावर माझा काडीचा राग नाही. तिने हातातल्या यंत्राचा लाल ठिपका भिंतीवर टाकला, अकरा फूट चार इंच असं माप घेतलं आणि विचारलं, "काका, इथे तुम्हाला कसा फील हवाय?"

"फील नको, फळ्या हव्यात," मी म्हटलं.

ती हसली. मीही हसलो. तिथेच चुकलं. तिला तो विनोद वाटला.

दोन महिन्यांनी पडदा वर गेला. मधोमध टीव्ही. त्याच्यामागे लाकडाच्या बारीक उभ्या पट्ट्या, ज्यांच्या खाचांतली धूळ आमच्या सौभाग्यवती जुन्या टूथब्रशने काढतात. डावीकडे जमिनीपासून छतापर्यंत कपाटं, पण ती कपाटं आहेत हे कळता कामा नये असा संकेत. दारांना मूठ नाही, कडी नाही. दाबलं की उघडतात. माझे एक स्नेही बोलता बोलता भिंतीला टेकले आणि त्यांच्या पाठीमागून इस्त्रीचं टेबल बाहेर आलं. त्यांना रक्तदाब आहे. अगदी वरच्या कप्प्यांपर्यंत पोचायला शिडी लागते, आणि शिडी मावेल अशी घरात एकच जागा आहे, ती म्हणजे वरचा कप्पा.

उजवीकडे खरं आकर्षण: तीन तरंगत्या फळ्या. खालून टेकू नाही, बाजूला पट्टी नाही. भिंतीत लोखंडी सळ्या बसवून त्यांच्यावर पोकळ फळी पायमोज्यासारखी चढवलेली असते. तिच्या पोटात दिव्यांची पट्टी. रुंदी सहा इंच. त्यांच्यावर एक बुद्ध, एक पांढरं हरीण, एका कुंडीत प्लास्टिकचं झाड आणि माझी चौदा पुस्तकं. ती पाठमोरी. नावं भिंतीकडे, पानं आपल्याकडे. पुठ्ठ्यांचे रंग एकमेकांशी जुळत नव्हते म्हणे. त्यामुळे हल्ली मी काय वाचणार हे नशिबावर असतं. परवा रात्री ललित निबंध समजून हात घातला आणि आयुर्विम्याच्या एजंटांसाठीची मार्गदर्शिका हाती आली. दोन प्रकरणं वाचली. वाईट नव्हती.

खोटं कशाला सांगू, भिंत देखणी आहे. संध्याकाळी ते दिवे लागले की खोली एखाद्या चांगल्या हॉटेलसारखी दिसते. टीव्हीच्या वायरींचं जंजाळ गेलं, ही तर सूनबाईंची मोठीच सोय. आणि जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. माझ्या आजोळी, राजापूरकडे, चिऱ्याच्या भिंती दीड हात जाड होत्या. भिंतीच्या पोटातच कोनाडे, फडताळं, दिवा ठेवायची देवळी. आज त्यांची छायाचित्रं काढून लोक उसासे टाकतात. त्या फडताळात हात घातला की लोणच्याच्या बरणीआधी झुरळ लागायचं, हे छायाचित्रात येत नाही. पण एक खरं की तिथे भिंतच वस्तूला पोटात घेत असे. आताच्या टॉवरमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात अख्खी भिंत काँक्रीटची ओततात. चार-सहा इंचांची, घट्ट. तिच्यात कोनाडा खोदायला गेलात तर सोसायटी तुम्हालाच खोदून काढील. तेव्हा जे काय ठेवायचं ते भिंतीच्या बाहेर, हे आलंच.

मधला काळ शोकेसचा. ते पाप आम्हीही १९८४ साली केलं. सनमायका लावलेली, सरकत्या काचांची. आत सहा कप-बश्या, ज्यांत आजतागायत कुणी चहा प्यायलेलं नाही. आतून दिवा लागणारा आग्र्याचा ताजमहाल. कन्याकुमारीचे शंख. चिरंजीवांचा लिंबू-चमच्याच्या शर्यतीतला तिसऱ्या क्रमांकाचा कप. दिखाऊपणात आम्ही कमी नव्हतो. पण त्यातली प्रत्येक भिकार वस्तू आमच्या घरात आधी आली होती आणि तिच्यासाठी कपाट मागाहून. या भिंतीवर उलटं झालं. आधी फळी झाली आणि मग तिच्या मापाचं हरीण मागवलं. ते हरीण कुठलं, कुणी दिलं, कुठल्या सहलीत घेतलं, असं पाहुण्यांनी विचारलं की आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. माझा मुख्य आक्षेप हा आहे. बाकी मूठ नसणं वगैरे सवयीने जमेल.

हा दोष आधुनिकतेचा, असंही म्हणवत नाही. जर्मनीतल्या डीटर रॅम्स यांनी १९६० साली '६०६' नावाची एक मांडणी तयार केली. ती आजही तयार होते. भिंतीवर ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या, त्यांना भोकं, त्यांत खुंट्या घालून फळ्या अडकवायच्या. पुस्तकं वाढली, फळी वाढवा. बिऱ्हाड हललं, सगळं उतरवून बरोबर न्या. स्वीडनच्या आयकियाचं 'बिली' हे पुस्तकांचं कपाट १९७९ सालचं, यिलिस लुंडग्रेन यांनी आखलेलं. ऐंशी सेंटिमीटर रुंद, अठ्ठावीस सेंटिमीटर खोल. म्हणजे पुस्तक अंग चोरून न बसता मावेल एवढं. यांत कुठेही हरणाचा विचार नाही. दोघांनीही आधी माणसाकडे सामान काय आहे हे पाहिलं असावं, मग फळी कापली. आपल्याकडे रद्दीच्या दुकानात खाचांच्या लोखंडी पट्ट्यांचा रॅक असतो, तोही याच कुळातला. फक्त त्याला कुणी 'फील' विचारत नाही.

माझ्या वडिलांनी रॅम्सचं नाव ऐकलेलं नव्हतं. ते रेल्वेत कारकून. १९६१ साली गिरगावच्या चाळीतल्या आमच्या खोलीत त्यांनी एक फळी ठोकली. सागाची, पाच फूट लांब, नऊ इंच रुंद, दोन ब्रॅकेटवर. तिच्यावर घड्याळ, पंचांग, अमृतांजनची बाटली, भाड्याच्या पावत्या टोचायची तार आणि उरलेल्या जागेत त्यांची पुस्तकं. पुस्तकं दिसतात गरीब, पण तीन फुटांच्या रांगेचं वजन सहज वीस-पंचवीस किलो भरतं. फळीच्या दोन टेकूंमधलं अंतर दुप्पट केलं आणि त्याच दाटीने पुस्तकं लावली, तर मधला बाक दुप्पट नव्हे, सोळापट होतो. हे गणित आमच्या इंजिनिअर चिरंजीवांनी मला नंतर सांगितलं. वडिलांना ते ठाऊक नसणार, नाहीतर त्यांनी तिसऱ्या ब्रॅकेटचे पैसे वाचवले नसते. फळी मध्ये वाकायला लागली. त्यावर त्यांचा उपाय असा, की दर दिवाळीच्या साफसफाईत सगळं सामान उतरवायचं आणि फळी उलटी करून ठेवायची. वर्षभर खाली वाकलेली ती वर्षभर वरून खाली सरळ होत जायची. ते गेल्यावर डोंबिवलीच्या घरात हे मी करत आलो.

त्या फळीवर आणि तिच्याखालच्या ट्रंकेत दिवाळी अंक होते. वडिलांनी घेतलेले आणि पुढे मी घेतलेले, मिळून साठ-एक वर्षांचे. नव्या भिंतीपाशी ते आणले तेव्हा सहा इंचांच्या फळीतून बोटभर बाहेर यायला लागले. शिवाय त्या तरंगत्या फळीला आठ किलोंच्या वर वजन चालत नव्हतं. मुलगी म्हणाली, "काका, हे आता ऑनलाइन मिळत असतील ना?" चिरंजीव म्हणाले, "बाबा, उघडता का तुम्ही ते कधी?"

प्रश्न रास्त होता. शेवटचा अंक मी २००९ साली उघडला होता, तोही झुरळ मारायला. मी काही बोललो नाही. रद्दीवाल्याच्या काट्यावर चौऱ्याऐंशी किलो भरले. दुसऱ्या खेपेला त्याने शेवटचा गठ्ठा उचलला तेव्हा सुतळी तुटली आणि वरच्याच अंकावर वडिलांचं अक्षर दिसलं. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात ते किंमत खोडून 'दोघांत मिळून' असं लिहीत. शेजारच्या बिऱ्हाडाबरोबर अर्धे पैसे घालून घेतलेला अंक. हाती लागले तेवढे अकरा मी काढून घेतले. भिंतीचा दोष मी एवढा लांबण लावून सांगितला खरा, पण "थांबा" एवढा एक शब्द मलाच म्हणता आला असता.

फळी मात्र दिली नाही. 'थीम'मध्ये बसत नव्हती, म्हणून वॉशिंग मशीनच्या वरच्या भिंतीवर, कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत तिची सोय झाली. वायरमनचा मुलगा ड्रिल घेऊन आला. काँक्रीटमध्ये चार भोकं पाडायला पाऊण तास लागला आणि एक बिट मोडलं. ब्रॅकेट जुनेच, दोनच.

अकरा अंक त्यावर ठेवले. आठवड्याभरात तिथे चिरंजीवांची गाडीची किल्ली आली, सूनबाईंचे चार्जर आले, हिच्या गोळ्या आल्या, सोसायटीच्या पावत्या आल्या, नातीची अर्धी रंगपेटी आली. घरात काही सापडेनासं झालं की आता सगळे आधी बाल्कनीत जातात. भिंतीवर हरीण आहे, ते कुणी शोधत नाही.

परवा दिवाळीची साफसफाई निघाली. मी स्टूल घेऊन बाल्कनीत जातो तर चिरंजीव अगोदरच फळीवरचं सगळं उतरवून, फळी हातात घेऊन उभे. डोळ्यांसमोर आडवी धरून बाक बघत होते.

"बाबा," ते म्हणाले, "मागच्या वर्षी कुठली बाजू वर होती?"