आयर्स्ट आमच्या नाटकात नव्हता

राजूरच्या शाळेत गॅदरिंगला आम्ही चापेकर बंधूंचं नाटक केलं होतं. मी बाळकृष्ण. ‘गोंद्या आला रे’ ऐकलं की धावायचं, पावडर फासलेला रँड पडला की पडदा. टाळ्या.

यंदा वर्क फ्रॉम होममुळे गावी आहे. रात्रभर कोळशाचे ट्रक जातात, झोप लागत नाही. अशाच एका रात्री नील जॉर्डनचा ‘मायकेल कॉलिन्स’ (1996) पाहिला. 1919 साली डब्लिनमध्ये कॉलिन्सने निवडक पोरांची एक गुप्त तुकडी उभी केली. काम एकच: ठरलेला माणूस मारायचा. 21 नोव्हेंबर 1920 च्या सकाळी ब्रिटिश हेरांना त्यांच्या राहत्या खोल्यांत गाठून गोळ्या घातल्या गेल्या. सिनेमात या गोळ्यांच्या मधेमधे हॉटेलातला अस्वस्थ कॉलिन्स दिसत राहतो. प्रसंग जबरदस्त आहे, पण सगळा विचार नेत्याच्या वाट्याला येतो. पोरं नुसते हात उरतात. त्याच दुपारी क्रोक पार्कवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात 14 माणसं गेली. जॉर्डन तिथे मैदानात चिलखती गाडी घुसवतो, जी प्रत्यक्षात आत आलीच नव्हती. म्हणजे सकाळचा हिशेब दुपारी चुकता.

दामोदर चापेकरने तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त असा हिशेब जुळवून देत नाही. त्याच्या डोक्यावर कोणी कॉलिन्स नाही. मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचं तो अभिमानाने सांगतो. सुधारकांवरचा रागही लपवत नाही. प्लेगच्या सोजिरांचा जुलूम त्याला जितका छळतो, तितकाच धर्म बाटल्याचा संताप. आमच्या नाटकात यातला सोयीचा अर्धाच दामोदर होता.

आणि 22 जून 1897 ची ती रात्र. गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदरने रँडला गोळी घातली. तो 3 जुलैला गेला. बाळकृष्णाने मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली. तो जागीच मेला. म्हणजे मी ज्याची भूमिका केली, त्याने मारलेला माणूस आमच्या स्टेजवर आलाच नव्हता.

आत्मवृत्ताची मर्यादाही इथेच आहे. दामोदर 18 एप्रिल 1898 ला फासावर गेला. पुढचं त्याला माहीत असणं शक्य नव्हतं. सरकारने 20 हजारांचं बक्षीस लावलं होतं, द्रविड बंधूंनी माहिती दिली. 8 फेब्रुवारी 1899 ला धाकटा भाऊ वासुदेव आणि महादेव रानडे यांनी पोलिसांनी बोलावलंय असं सांगून द्रविडांना घराबाहेर काढलं आणि गोळ्या घातल्या. बंदूक गोऱ्या अधिकाऱ्याकडून आपल्याच आळीतल्या माणसाकडे वळली होती. मे 1899 मध्ये बाळकृष्ण, वासुदेव आणि रानडे तिघेही फाशी गेले.

त्यांचं धाडस यामुळे कमी होत नाही. पण ज्याचा फक्त अर्धा भाग सांगता येतो, त्या माणसाला आपण ओळखतो असं तरी कसं म्हणायचं?

शाळेने यंदाच्या नाटकाची संहिता माझ्याकडेच मागितली आहे. आयर्स्ट घेतलाय. द्रविडांच्या दारापाशी मात्र अडकलोय.