गेलिक फुटबॉलमधील निवडकर्ता : अधिकार, उत्तरदायित्व आणि मतभेदाचा अवकाश

प्रस्तावना

क्रीडाविषयक लेखनात संघाच्या यशापयशाचे श्रेय एका व्यक्तीच्या नावावर जमा करण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. आयर्लंडचा लोकप्रिय खेळ असलेला गेलिक फुटबॉल याला अपवाद नाही. केव्हिन हेफर्नन यांचे डब्लिन, मिक ओ'ड्वायर यांचे केरी, जिम गॅव्हिन यांचे डब्लिन अशीच त्या खेळाच्या इतिहासाची प्रकरणे पाडली जातात. मात्र मैदानाच्या कडेला ‘बॅनिश्तोर’, म्हणजे व्यवस्थापक, असे छापलेले जाकीट घालून उभ्या असलेल्या व्यक्तीच्या शेजारी दोन-तीन जण नेहमीच असतात. त्यांना निवडकर्ते म्हटले जाते. हे निवडकर्ते नेमके कोणाचे प्रतिनिधी, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात या प्रश्नावरून एका काउंटीतील खेळाडूंनी संप केला आणि एका व्यवस्थापकाला त्याच्या निवडकर्त्यांसह पद सोडावे लागले. प्रस्तुत लेखात या पदाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

भारतीय वाचकाला ‘निवड समिती’ हा शब्द क्रिकेटमुळे परिचित आहे. परंतु तेथील निवडकर्ता संघ जाहीर करून बाजूला होतो. सामना सुरू झाल्यावर त्याचे काम संपलेले असते. गेलिक फुटबॉलमधील निवडकर्ता मात्र संघ निवडतो, सरावाला हजर असतो आणि सामन्याच्या दिवशी व्यवस्थापकाबरोबर कडेला उभा राहून कोणाला बाहेर काढायचे व कोणाला आत पाठवायचे याच्या निर्णयात सहभागी होतो. निवड आणि संचालन ही दोन कामे येथे वेगळी झालेलीच नाहीत. या पदाचे महत्त्व आणि त्यातील गुंतागुंत दोन्ही येथून सुरू होतात.

समितीच्या राज्यातून व्यवस्थापकाच्या राज्याकडे

गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील थर्ल्स येथे झाली. ही संघटना आजही हौशी तत्त्वावर चालते. तिची रचना खालून वर जाणारी आहे : गावातला किंवा पॅरिशमधला क्लब, क्लबांच्या प्रतिनिधींचे काउंटी मंडळ, त्यावर प्रांत आणि सर्वांत वर मध्यवर्ती परिषद. अशा रचनेत काउंटीचा संघ एका माणसाने निवडावा ही कल्पनाच सुरुवातीस परकी होती. संघ हा क्लबांचा, म्हणून तो क्लबांच्या प्रतिनिधींनी निवडायचा, असा सरळ हिशेब होता. निवड समितीत अनेकदा पाच किंवा त्याहूनही अधिक सदस्य असत. प्रशिक्षक हा वेगळा माणूस. त्याने खेळाडूंना तयार करायचे. त्यातले पंधरा कोण हे समितीने ठरवायचे.

या व्यवस्थेत कर्तबगारीला वाव नव्हता असे समजणे चुकीचे ठरेल. किलार्नी येथील मनोविकारतज्ज्ञ डॉ. एमन ओ'सुलिव्हन यांनी १९२४ ते १९६२ या काळात केरीच्या आठ अखिल आयर्लंड विजेत्या संघांना प्रशिक्षण दिले. १९५८ मध्ये त्यांनी या खेळाच्या कला व शास्त्रावर एक स्वतंत्र ग्रंथही लिहिला. आजच्या अर्थाने ते व्यवस्थापक नव्हते. तरीही केरीचा खेळ घडवण्यात त्यांचा वाटा कोणी नाकारत नाही. समितीच्या पद्धतीत यश मिळतच नव्हते, हा नंतरच्या काळात रूढ झालेला समज म्हणूनच तपासून घेण्यासारखा आहे.

समितीचे दोष मात्र खरे होते. प्रत्येक सदस्य आपल्या क्लबाच्या खेळाडूची बाजू लावून धरी, तडजोडी होत, आणि संघ हरला तर उत्तर कोणी द्यायचे हे ठरत नसे. सत्तर मिनिटांच्या सामन्यात पाच जणांनी एकमेकांची मते घेत बदली खेळाडू ठरवणे म्हणजे वेळ हातातून घालवणेच होय.

१९७३ च्या अखेरीस डब्लिनचे अध्यक्ष जिमी ग्रे यांनी केव्हिन हेफर्नन यांच्याकडे सूत्रे दिली तेव्हा या पद्धतीला पहिला मोठा छेद गेला. हेफर्नन यांच्याबरोबर दोनच निवडकर्ते होते : डोनल कॉल्फर आणि लॉर्कन रेडमंड. तीन माणसांचा हा गट आटोपशीर होता, आणि त्यात अंतिम शब्द कोणाचा याविषयी संदिग्धता नव्हती. पहिल्या फेरीतील वेक्सफर्डविरुद्धच्या सामन्यानंतर, निवृत्त झालेल्या जिमी कीव्हनी यांना परत बोलावण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी, म्हणजे १९७४ मध्ये, डब्लिनने अंतिम सामन्यात गॉलवेचा ०-१४ विरुद्ध १-६ असा पराभव केला. (या खेळात गोलाचे तीन गुण आणि आडव्या दांड्यावरून चेंडू मारल्यास एक गुण; धावफलकात आधी गोल व मग गुण लिहितात.) येथून व्यवस्थापक-युग सुरू झाले असे मानले जाते. १९७६ च्या विजयानंतर हेफर्नन बाजूला झाले आणि टोनी हॅनाहो यांनी १९७७ मध्ये खेळाडू व व्यवस्थापक अशा दुहेरी भूमिकेतून पुन्हा अजिंक्यपद मिळवले. स्वतः मैदानात खेळणारा व्यवस्थापक कडेवरून सामना पाहू शकत नाही. ते पाहणे निवडकर्त्यांनाच करावे लागते. व्यवस्थापक-युगाच्या प्रारंभीच निवडकर्त्यांचे महत्त्व इतके उघड झाले होते, तरी इतिहासलेखनाने त्याची दखल ओझरतीच घेतली.

निवडकर्ता करतो काय ?

निवडकर्त्याचे दृश्य काम सामन्यातले आहे. कोणता बचावपटू कोणत्या आक्रमकाला रोखणार हे आधी ठरलेले असते. सामन्यात ते फिसकटले की व्यवस्थापकाच्या आधी ते कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. बदली खेळाडूचा एक निर्णय इतिहास कसा बदलतो याचे सर्वपरिचित उदाहरण १९८२ च्या अंतिम सामन्याचे आहे. सलग पाचव्या अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या केरीविरुद्ध युजीन मॅगी यांच्या ऑफलीने उत्तरार्धात शेमस डार्बी यांना आत पाठवले. सामना संपायला काही मिनिटे उरली असताना डार्बी यांनी गोल केला आणि ऑफली १-१५ विरुद्ध ०-१७ असा एका गुणाने जिंकले. २०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला दोन गुण मिळू लागले आणि दोन्ही अर्धांत प्रत्येकी किमान तीन खेळाडू ठेवण्याचे बंधन आले. आघाडी आता अधिक वेगाने पालटते, त्यामुळे कडेवरच्या या नजरेची किंमत वाढलीच आहे.

अदृश्य काम याहून मोठे आहे. काउंटीभर चालणारे क्लबांचे सामने पाहणे, कुठल्या तरी लहान क्लबातला मुलगा हेरणे, वगळलेल्या खेळाडूशी बोलणे, व्यवस्थापकाशी थेट बोलण्यास कचरणाऱ्याचे म्हणणे आत पोहोचवणे. हौशी खेळात हे विशेष महत्त्वाचे ठरते. येथे खेळाडूला वेतन नाही, करार नाही. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारा माणूस दुखावला गेला तर त्याला संघात बांधून ठेवणारी कायदेशीर गोष्ट कोणतीच नसते, असते ती केवळ निष्ठा. ती सांभाळण्याचे काम बरेचदा निवडकर्ता करतो.

बाहेरच्या काउंटीतून व्यवस्थापक आणण्याची प्रथा रूढ झाल्यावर या कामाला आणखी एक पदर जोडला गेला. मेयोचे जॉन ओ'महोनी यांनी १९९४ मध्ये लिट्रिमला १९२७ नंतरचे पहिले कॉनाक्ट प्रांतिक अजिंक्यपद मिळवून दिले आणि १९९८ व २००१ मध्ये गॉलवेबरोबर अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकली. खुद्द ओ'ड्वायर केरी सोडल्यावर किल्डेर, लीश आणि विकलो येथे गेले. अशा पाहुण्या व्यवस्थापकाला गावोगावची माहिती, क्लबांतील जुनी भांडणे, कोणत्या घराण्यातला कोण हे सांगणारे कोणी तरी हवे असते. स्थानिक निवडकर्ता ही त्या संघाची स्मृती असते असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कॉर्कचा संप : नेमणूक कोणाची ?

मूळ प्रश्न नेमणुकीचा आहे आणि तो कॉर्कमध्ये उघड्यावर आला. सप्टेंबर २००७ मध्ये बिली मॉर्गन यांच्या कॉर्क संघाचा अंतिम सामन्यात केरीने ३-१३ विरुद्ध १-९ असा दारुण पराभव केला. मॉर्गन पायउतार झाले. त्यापूर्वी काही वर्षे व्यवस्थापकाला आपले निवडकर्ते स्वतः निवडण्याची मुभा होती. काउंटी मंडळाने ती काढून घेतली आणि निवडकर्ते मंडळ नेमील असे ठरवले. खेळाडूंनी याला विरोध केला. मंडळाने टेडी हॉलंड यांना नेमले, तेव्हा फुटबॉलपटूंनी खेळण्यास नकार दिला आणि त्याच काउंटीच्या हर्लिंग खेळाडूंनी त्यांना साथ दिली. २००८ च्या सुरुवातीचे लीग स्पर्धेतील काही सामने कॉर्कला खेळता आले नाहीत. अखेर कामगार संबंध आयोगाचे किरन मुल्व्ही यांच्या मध्यस्थीने फेब्रुवारी २००८ मध्ये तोडगा निघाला. हॉलंड व त्यांचे निवडकर्ते यांना जावे लागले, १९८९ व १९९० च्या विजेत्या संघातील कॉनर कुनिहन व्यवस्थापक झाले आणि २०१० मध्ये कॉर्कने डाउनवर ०-१६ विरुद्ध ०-१५ असा विजय मिळवून अजिंक्यपद पटकावले.

या घटनाक्रमाचा रूढ अन्वयार्थ असा की खेळाडू बरोबर होते आणि २०१० ने ते सिद्ध केले. हा अन्वयार्थ अर्धाच खरा आहे. उत्तरदायित्वाच्या बाबतीत खेळाडूंची भूमिका निःसंशय योग्य होती. पराभवाचा जाब ज्याला द्यावा लागतो त्याला सहकारी निवडण्याचा अधिकार नसेल, तर ती जबाबदारी नव्हे, शिक्षा होय. मंडळाने नेमलेला निवडकर्ता व्यवस्थापकाला मदत करायला आला आहे की त्याच्यावर नजर ठेवायला, अशी शंका सरावाच्या मैदानावर सतत राहणार. आणि अशा शंकेत संघ घडत नाही.

परंतु मंडळाच्या भूमिकेमागेही एक तत्त्व होते, आणि ते केवळ सत्तेच्या हव्यासाचे म्हणून निकालात काढता येत नाही. काउंटी संघ क्लबांचा आहे, हा संघटनेचा मूळ विचार. निवडकर्त्याची नेमणूक पूर्णपणे व्यवस्थापकाच्या हाती गेली की क्लबांचा निवडीतील उरलासुरला आवाज संपतो. याहून गंभीर परिणाम मतभेदावर होतो. ज्याचे पद व्यवस्थापकाच्या मर्जीवर अवलंबून आहे तो ‘हा निर्णय चुकतो आहे’ असे किती वेळा म्हणेल? जुन्या समितीत भांडणे होत, कारण तेथे भांडता येत होते. नव्या व्यवस्थेत एकोपा आहे. तो विश्वासातून आलेला की अवलंबित्वातून, हे बाहेरून ओळखता येत नाही.

मेयो काउंटीचे २०१६ चे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. डब्लिनविरुद्धचा अंतिम सामना बरोबरीत सुटल्यावर १ ऑक्टोबरच्या फेरसामन्यासाठी मेयोने गोलरक्षक डेव्हिड क्लार्क यांना वगळून रॉब हेनेली यांना घेतले. उत्तरार्धात हेनेली यांच्या हातून चेंडू निसटला, त्यातून झालेल्या फाऊलबद्दल त्यांना काळे कार्ड मिळाले, क्लार्क यांनाच आत यावे लागले आणि डर्मिड कॉनली यांनी पेनल्टीवर गोल केला. डब्लिन १-१५ विरुद्ध १-१४ असे जिंकले. दुसऱ्या बाजूला डब्लिनच्या कॉर्मक कॉस्टेलो यांनी बदली खेळाडू म्हणून येऊन तीन गुण मिळवले. निवडीच्या दोन निर्णयांनी एका गुणाचा सामना ठरवला, असे म्हणण्यास येथे पुरेसा आधार आहे. मेयोचा निर्णय व्यवस्थापक स्टीफन रॉचफोर्ड यांच्या नावावर कायमचा नोंदला गेला. त्यांच्या शेजारी जाणकार सहकारी होते; पण त्यांच्यापैकी कोणी विरोध केला की नाही, याला चर्चेत फारसे स्थानच मिळाले नाही. डब्लिनच्या बाबतीतही तेच : कॉस्टेलो यांना पाठवण्याचे सुचवले कोणी, हा प्रश्न कोणाला पडला नाही. व्यवस्थापककेंद्री समीक्षेची ही मर्यादा आहे. दोष आणि श्रेय दोन्हींसाठी तिला एकच नाव पुरते.

नाव बदलले, पद राहिले

अलीकडच्या काळात ‘निवडकर्ता’ हा शब्दच मागे पडू लागला आहे. त्याच्या जागी सहायक व्यवस्थापक, बचावाचा प्रशिक्षक, गोलरक्षक-प्रशिक्षक, आकडेवारीचा विश्लेषक अशी विशेषज्ञांची फळी उभी राहिली आहे. हे विशेषज्ञ काउंटीची सीमा मानत नाहीत. २०२२ मध्ये केरीने अजिंक्यपद मिळवले तेव्हा जॅक ओ'कॉनर यांच्याबरोबर टायरोनचे पॅडी टॅली होते. २०२४ मध्ये किरन मॅकगीनी यांच्या आर्माने उपांत्य सामन्यात केरीला हरवले तेव्हा आर्माच्या ताफ्यात केरीचाच किरन डोनाही होता. कौशल्याच्या दृष्टीने यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. मात्र विशेषज्ञाला त्याच्या विषयापुरते विचारले जाते. संपूर्ण संघाविषयी मत देण्याचा अधिकार निवडकर्त्याला त्याच्या पदानेच मिळत होता. सल्ला देणारे वाढले, निवडीच्या टेबलावर बसणारे तेवढेच राहिले, किंबहुना कमी झाले.

जुने तत्त्व सर्वस्वी नाहीसे झाले आहे असेही नाही. ओ'कॉनर स्वतः पाइडी ओ'शे यांच्या हाताखाली निवडकर्ता होते आणि त्या अनुभवानंतर २००४ पासून पाच वेळा व्यवस्थापक म्हणून विजयी झाले. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या केरीने डोनेगॉलचा १-२६ विरुद्ध ०-१९ असा पराभव केला. त्या संघाचे निवडकर्ते व्यवस्थापकाने सोबत आणलेले होते. करंडक मात्र गॅव्हिन व्हाइट यांनी उचलला, आणि त्यांचे कर्णधारपद व्यवस्थापकाने दिलेले नव्हते : केरीत कर्णधार सुचवण्याचा मान आदल्या वर्षीच्या काउंटी विजेत्या क्लबाकडे जातो, आणि २०२४ चा विजेता व्हाइट यांचा डॉ. क्रोक्स हा क्लब होता.