एका अद्भुतकथेचे सहृदय

एखाद्या ग्रंथावर हजारों लोकांनीं प्रेम करावें यांत नवल नाहीं. परंतु त्या ग्रंथांतील एका राक्षसास पंख होते कीं नव्हते, या प्रश्नावर शहाणींसुरतीं, पोटापाण्याचा उद्योग करणारीं माणसें वर्षानुवर्षें वाद घालतात, एकमेकांची यथेच्छ थट्टा करतात आणि त्या थट्टेंतूनच एकमेकांचे स्नेही होतात, हा प्रकार टीकाकारानें केवळ कौतुकाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. प्रो. जे. आर्. आर्. टोल्किन यांच्या ‘दि लॉर्ड ऑफ् दि रिंग्ज’ या प्रचंड अद्भुतकथेच्या भक्तमंडळींत असा प्रकार गेलीं साठ वर्षें चालू आहे. आम्हीहि पूर्वीं त्यास पोरखेळ म्हणत असूं. आतां तसें म्हणवत नाहीं. कां म्हणवत नाहीं, तें सांगण्याचा येथें विचार आहे.

टोल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्ड येथें जुन्या इंग्रजी भाषेचे अध्यापक. मुलांसाठीं लिहिलेलें त्यांचें ‘दि हॉबिट’ १९३७ सालीं निघालें, आणि त्याचाच पुढला भाग लिहावयास बसले असतां हातून जें महाकथानक निर्माण झालें तें १९५४–५५ सालीं तीन भागांत प्रसिद्ध झालें. कथासूत्र थोडक्यांत एवढेंच, कीं सर्व जगावर सत्ता देणारी एक दुष्ट आंगठी फ्रोडो नांवाच्या एका खुज्या, घरबश्या जीवाच्या हातीं पडते, आणि ती जेथें घडविली गेली त्याच ज्वालामुखींत नेऊन टाकण्याचें काम त्याच्या वांट्यास येतें. पंडितांचें या ग्रंथावर एकमत कधींच झालें नाहीं. कवि ऑडेन यांनीं त्याची मुक्तकंठानें स्तुति केली; उलट एड्मंड विल्सन यांनीं १९५६ सालीं त्यावर असा कांहीं कोरडा ओढला, कीं तो आजहि भक्तांच्या पाठीवर चुरचुरतो. गमतीची गोष्ट ही, कीं हें सगळें पुस्तक आपण आपल्या सात वर्षांच्या मुलीस वाचून दाखविलें, हें विल्सन यांनींच त्या लेखांत नमूद केलें आहे. न आवडलेलें हजार पृष्ठांचें पुस्तक मोठ्यानें शेवटपर्यंत वाचून दाखविणाऱ्या या टीकाकाराविषयीं आम्हांस आदरच वाटतो.

हा ग्रंथ छापला जाण्यापूर्वीं अनेक वर्षें ऐकिला गेला होता, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. ऑक्सफर्डमध्यें सी. एस्. लुइस यांच्या खोलींत गुरुवारीं रात्रीं मित्रमंडळी जमत. ‘इंक्लिंग्ज’ हें त्यांनीं स्वतःस घेतलेलें विनोदी नांव. लिहून झालेलें प्रकरण टोल्किन तेथें वाचीत, आणि मंडळी त्यावर वाद घालीत, चुका काढीत, प्रसंगीं कंटाळतहि. म्हणजे जन्मतःच हा ग्रंथ एका मैफलींतला आहे. पुढें १९६५ सालीं अमेरिकेंत त्याची स्वस्त आवृत्ति निघाली व ती विद्यार्थ्यांच्या हातोहातीं गेली. त्याच वर्षीं न्यूयॉर्क येथें वाचकांचें मंडळ स्थापन झालें, १९६७ सालीं कॅलिफोर्नियांत ‘मिथोपीइक सोसायटी’ निघाली, आणि १९६९ सालीं इंग्लंडांत व्हेरा चॅपमन या सत्तरी गांठलेल्या लेखिकेनें ‘टोल्किन सोसायटी’ची स्थापना केली. १९७४ पासून या संस्थेचा ऑक्सफर्ड येथें वार्षिक मेळा भरूं लागला. गुरुवारची ती खोली मोडली खरी, परंतु तिची मोठी ओसरी झाली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. आरंभीं हा वाद हस्तपत्रिका आणि टपाल यांतून चाले. आतां विजेच्या पडद्यांमुळें ती ओसरी पृथ्वीच्या सर्व खंडांवर पसरली आहे, इतकाच फरक.

आतां पंखांचा वाद. मोरिया नामक पाताळनगरींत एका अरुंद पुलावर गॅन्डाल्फ हा वृद्ध मांत्रिक व अग्नि आणि अंधार यांचा बनलेला ‘बालरॉग’ हा राक्षस समोरासमोर येतात. तेथें कवीनें प्रथम राक्षसाभोंवतालची छाया दोन प्रचंड पंखांसारखी पसरली असें म्हटलें आहे, आणि कांहीं ओळींनंतर, त्याचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले, असें म्हटलें आहे. झालें! एक पक्ष म्हणतो, दुसऱ्या वाक्यांत ‘सारखे’ हा शब्द नाहीं, तस्मात् पंख खरे. दुसरा म्हणतो, उपमा एकदां देऊन ठेविली म्हणजे पुढें ती पुनः पुनः उघड करून सांगावी लागत नाहीं, तस्मात् पंख छायेचेच. पूल मोडल्यावर राक्षस दरींत कोसळतो. पंख असते तर उडाला नसता काय? त्यावर प्रतिपक्षाचें उत्तर असें, कीं पंख कोंबडीसहि असतात. चित्रपटकारांनीं (२००१) आपल्या राक्षसास पंख देऊन टाकले, तरी वाद मिटला नाहीं; आणि मिटूं नये अशीच उभयपक्षांची मनोमन इच्छा दिसते.

हंसण्यासारखें यांत पुष्कळ आहे. परंतु आमच्या साहित्यशास्त्राचा ज्यास थोडासाहि परिचय आहे त्यास हा वाद ओळखीचा वाटल्यावांचून राहणार नाहीं. उपमावाचक शब्द गळला म्हणजे उपमेचें रूपक होतें, आणि उपमेय अजीबात गिळून उपमानच तेवढें उरलें म्हणजे ती अतिशयोक्ति, हें मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’चा विद्यार्थी जाणतो. टोल्किन यांच्या दुसऱ्या वाक्यांत छायेचें नांवच नाहीं. उरले आहेत ते केवळ पंख. आमच्या परिभाषेंत सांगावयाचें तर पहिल्या वाक्यांत उपमा आहे, दुसऱ्यांत अध्यवसान आहे, आणि या दोन वाक्यांमधील चार ओळींत वाचकाचें भय वाढत जाऊन त्यानें छायेस गिळून टाकिलें आहे. हा आमचा निर्णय. तो पटावयास पाहिजेच असें नाहीं. सांगावयाचें तें निराळेंच आहे: ज्या बारकाव्याकडे आमच्या पदवीपरीक्षेच्या विद्यार्थ्याचें लक्ष आम्हांस मार्कांचा धाक घालून वेधावें लागतें, त्याच बारकाव्यावर कोणी कारकून, कोणी परिचारिका, कोणी शाळकरी पोर केवळ हौसेनें रात्र रात्र बोलत बसतात. अलंकारशास्त्राचा इतका जिवंत वर्ग आम्हीं आमच्या महाविद्यालयांत तरी पाहिलेला नाहीं.

या बाबतींत आमच्या हातून घडलेला एक प्रमाद सांगितला पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं वर्गांत एका मुलानें विचारिलें, कीं कथेच्या शेवटीं महाकाय गरुड येऊन फ्रोडोस उचलून नेतात, मग त्याच गरुडांनीं आरंभींच आंगठी नेऊन ज्वालामुखींत कां टाकिली नाहीं? आम्हीं उत्तर दिलें, “तसें केलें असतें तर ग्रंथकारास हजार पृष्ठें मिळालीं नसतीं.” वर्ग हंसला, आणि मुलगा खालीं बसला. पुढें कळलें कीं, या ग्रंथाचे भक्त हाच प्रश्न परस्परांस सदैव विचारतात आणि नेमकी आमचीच कोटी करून हंसतात. परंतु हंसून झाल्यावर ते पुढें जातात. गरुड हे कोणाचीं वाहनें नव्हत, स्वतंत्र प्रजा आहेत, असें एकजण म्हणतो. शत्रूचा डोळा सर्व आकाशावर असतां गुप्तपणा कसा राहिला असता, असें दुसरा विचारतो. हळूहळू गाडी मूळ मुद्द्यावर येते, कीं कथेंत दैवी साहाय्य कोठपर्यंत येऊं द्यावें? स्वतः टोल्किन यांनींहि १९५८ सालच्या एका पत्रांत, गरुड हें धोक्याचें साधन असून आपण तें जपून वापरिलें आहे, अशा अर्थाची कबुली दिलेली आहे. विनोद ही या मंडळींची पहिली पायरी होती. आम्हीं मात्र तीच शेवटची समजून वर्ग संपविला.

दुसरा प्रश्न याहूनहि खोल आहे. असह्य कष्ट सोसून फ्रोडो ज्वालामुखीच्या कांठीं पोंचतो, आणि ऐन क्षणीं आंगठी टाकावयाचें नाकारून ती आपली म्हणतो. पूर्वीं ती बाळगून भ्रष्ट झालेला दीन गॉलम त्याच्यावर झडप घालतो, बोटासकट आंगठी तोडून घेतो आणि त्या आनंदांत तोल जाऊन खालीं पडतो. कार्य सिद्ध होतें, पण नायकाच्या हातून नव्हे. मग नायक हरला कीं जिंकला? या प्रश्नानें टोल्किन यांच्या हयातींतच वाचक अस्वस्थ झाले, व १९६३ सालच्या एका पत्रांत त्यांनीं त्याचा सविस्तर ऊहापोह केला. मनुष्यशक्तीची परिसीमा झाल्यावर मोडणें हा नैतिक अपराध नव्हे, आणि गॉलमला अनेकदां दाखविलेल्या दयेमुळेंच शेवट शक्य झाला, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. आमच्याकडे दैव आणि पुरुषकार यांचा वाद फार जुना आहे. पण येथें एक तिसरीच शक्ति मध्यें उभी आहे, ती म्हणजे पूर्वीं केलेली आणि त्या वेळीं सर्वस्वीं निरुपयोगी दिसलेली दया. तिला दैव म्हणावें कीं पुरुषकार, यावर आम्हीं या मंडळींचे जे युक्तिवाद वाचले, त्यांतील कांहीं आमच्या तत्त्वज्ञानाच्या सहाध्यापकांनीं वाचावे असे होते.

अशी चर्चा परकीं माणसें इतक्या मोकळेपणानें कशी करूं शकतात? आमच्या मतें याचें कारण कथेच्या अद्भुततेंतच आहे. खऱ्या जगांतील एखाद्या राष्ट्राविषयीं, ‘हे लोक जन्मतःच दुष्ट काय?’ असा प्रश्न मित्रांच्या बैठकींत काढून पाहा; बैठक मोडेल. टोल्किन यांच्या कथेंतील ‘ऑर्क’ या सैतानी जातीविषयीं मात्र तोच प्रश्न निर्वेधपणें विचारतां येतो. त्यांना आत्मा आहे काय? असेल तर त्यांची कत्तल धर्म्य कशी? उत्तरवयांत खुद्द टोल्किनहि या प्रश्नानें व्यथित होते आणि त्यांनीं तो परोपरीनें सोडवून पाहिला, हें १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या टिपणांवरून दिसतें. कल्पित जग ही अशी तटस्थ भूमि आहे, कीं जेथें शस्त्रें दाराबाहेर ठेवून माणसें आंत येतात. आमच्या रसशास्त्रानें साधारणीकरण म्हणून जें सांगितलें तें हेंच. अभिनवगुप्तानें तर नाट्यगृहांतील सर्व प्रेक्षकांची प्रतीति एकघन होते असें म्हटलें आहे. फरक एवढाच, कीं ती एकता प्रयोग चालू असेपर्यंतची. या वाचकांनीं प्रयोग संपल्यावरहि घरीं जाण्याचें नाकारिलें आहे.

कोणी म्हणेल, कर्ण थोर कीं अर्जुन थोर, भीष्मानें द्यूतसभेंत मौन कां धरिलें, हे वाद आमच्या घरोघरीं होतच आले आहेत. खरें आहे, आणि श्रीमती इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’नें (१९६७) त्या वादांस केवढी धार आणिली हेंहि आम्ही विसरलों नाहीं. परंतु तेथें हंसण्यास थोडी भीति वाटते. ग्रंथ पूज्य असला म्हणजे शंका विचारणाऱ्यास प्रथम हात जोडावे लागतात. टोल्किनभक्तांस ती अडचण नाहीं.

नाहीं म्हणजे नव्हती. हळूहळू ती उत्पन्न होत आहे, आणि हाच आमचा त्यांच्याविरुद्ध मुख्य आक्षेप आहे. ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनीं १९७७ सालीं ‘दि सिल्मॅरिलिअन’, १९८१ सालीं निवडक पत्रें (हें काम हम्फ्री कार्पेंटर यांच्यासह), आणि १९८३ ते १९९६ या काळांत कच्च्या मसुद्यांचे तब्बल बारा खंड प्रसिद्ध केले. विद्वत्तेच्या दृष्टीनें हा पराक्रमच होय. परंतु त्यामुळें वादांत श्रुति, स्मृति, भाष्य अशी उतरंड लागली. ‘मला असें वाटतें’ या वाक्यापुढें ‘अमुक पत्र काढून पाहा’ हें वाक्य येऊन उभें राहिलें, कीं सुंदर चाललेला वाद तेथेंच मरतो. पत्र लिहिणारे टोल्किन हेहि ग्रंथाचे एक वाचकच होत, आणि तीं पत्रें वाचतां असें वाटतें कीं आपल्या कथेंत काय घडलें हें तेहि शोधूनच काढीत आहेत. टॉम बॉम्बॅडिल नांवाच्या एका विलक्षण वनवासी पात्राचें कोडें त्यांनीं जाणूनबुजून तसेंच ठेविलें. तरीहि वंशावळ्या, कालगणना आणि नकाशे पाठ असलेला एखादा पंडित नवख्या वाचकास गप्प बसवितो, तेव्हां आम्हांस आमचा तो वर्ग आठवतो.

दुसरा एक लहानसा आक्षेप: गद्याच्या चालीविषयीं ही मंडळी फारसें बोलत नाहींत. राक्षसाच्या पंखांवर शेंकडों पृष्ठें खर्ची पडलीं, पण त्याच प्रकरणांत दुरून येणाऱ्या नगाऱ्याच्या ठोक्यांनीं वाक्यें कशीं तुटत जातात, याविषयीं बोलणारे थोडेच आढळले.

या ग्रंथाचा श्रीमती मुग्धा कर्णिक यांनीं केलेला ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा मराठी अनुवाद उपलब्ध आहे, त्यामुळें हा वाद मराठींतहि चालण्यास आतां अडचण नाहीं. पुलावरील तीं दोन वाक्यें मराठींत आणतांना कोणत्याहि अनुवादकाची मोठी परीक्षा होते. दुसऱ्या वाक्यांत एक ‘जणूं’ घातला, तर एका पक्षाचा जय. न घातला, तर दुसऱ्याचा. आम्हीं अनुवाद व मूळ दोन्ही टेबलावर ठेविलीं आहेत. त्या मुलाचा पत्ता, तो आतां मोठा गृहस्थ झाला असेल, एका माजी विद्यार्थ्याकडून मिळविला असून, गरुडांविषयींच्या त्याच्या प्रश्नास उत्तर म्हणून चार पानें लिहून झालीं आहेत. पांचव्या पानावर पंखांचा प्रश्न त्यासच विचारिला आहे.