सेवाग्रामांतील नास्तिक

जगांतील दुःख आणि देवाची दया यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न फार जुना आहे; आणि त्यावर लिहिलेल्या ग्रंथांना तोटाहि नाहीं. परंतु त्यांपैकीं बहुतेक ग्रंथ वाचतांना आम्हांस एक उणीव सारखी जाणवते. त्यांत दुःखाचें विवेचन असतें, पण दुःखी माणूस नसतो. कर्मविपाक, माया, लीला, परीक्षा अशा शब्दांनीं दुःखाची उपपत्ति लावली जाते, आणि ती लावणाराचें पोट बहुधा भरलेलें असतें. ह्या ग्रंथांहून निराळें असें एक लहानसें पुस्तक १९५१ सालीं अहमदाबादच्या नवजीवन प्रकाशन मंदिरानें इंग्रजींत प्रसिद्ध केलें. 'ॲन एथिइस्ट विथ गांधी' हें त्याचें नांव. लेखक आंध्रांतील नास्तिक कार्यकर्ते गोपराजु रामचंद्र राव, म्हणजेच गोरा. आणि प्रस्तावना गांधीजींचे वर्ध्याचे सहकारी किशोरलाल मशरूवाला यांची. पुस्तकांतील महत्त्वाचे संवाद वर्धा जिल्ह्यांतील सेवाग्राम आश्रमांत झालेले आहेत. देवावरील श्रद्धेची इतकी कठोर पारख आपल्याच भूमीवर झाली असल्यामुळें मराठी वाचकानें ती नीट समजून घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

गोरा हे मूळचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. उघड नास्तिकपणामुळें त्यांस नोकरीस मुकावें लागलें, आणि १९४० सालीं कृष्णा जिल्ह्यांतील मुदुनूर ह्या खेड्यांत त्यांनीं नास्तिक केंद्र सुरू केलें. परंतु खंडनमंडनांत रमणारे ते पंडित नव्हते. अस्पृश्यता मोडावी, सर्व जातींच्या लोकांनीं एका पंक्तींत जेवावें, ह्यासाठीं ते प्रत्यक्ष झटत होते. त्यांनीं १९३० सालीं गांधीजींस पत्र लिहून, आपण जो 'ईश्वर' शब्द वापरतां त्याचा अर्थ काय, असें विचारलें. ईश्वर मनुष्याच्या आकलनापलीकडचा आहे, एवढेंच उत्तर आलें. १९४१ सालीं त्यांनीं भेट मागितली. तेव्हां नास्तिकपणा म्हणजे आत्म्याचाच नकार, असें सांगून गांधीजींनीं भेटीस नकार दिला. अखेर १९४४ सालीं, गांधीजी आगाखान राजवाड्यांतील बंदिवासांतून सुटून सेवाग्रामास आल्यावर, ही भेट घडली. गांधीजींच्या नित्याच्या फिरण्याच्या वेळीं दोघांचें बोलणें सुरू झालें. आणि पुढें तें वाढत गेलें.

ह्या बोलण्याचा गाभा देवाच्या अस्तित्वाविषयींच्या तर्कांत नाहीं. तो कलकत्त्याच्या रस्त्यांत आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत गोरांनीं तेथें जें पाहिलें तें त्यांनीं गांधीजींपुढें मांडलें. मिठाईच्या आणि फळांच्या दुकानांशेजारीं माणसें भुकेनें कोसळून मरत होतीं. पण दुकानांतील अन्नाला कोणी हात लावीत नव्हता. एखादा भुकेला बैल किंवा कुत्रा तेथें असता तर कितीहि मार खाऊन त्यानें तोंड घातलें असतें, असें गोरांचें म्हणणें. मग माणूसच कां मेला? त्याला लहानपणापासून दैवाचें आणि ईश्वरी इच्छेचें बाळकडू मिळालेलें होतें म्हणून, असा त्यांचा निष्कर्ष. तेव्हां माणसाला पुन्हां स्वतःच्या बळावर उभें करावयाचें असेल तर आधीं देव काढून टाकला पाहिजे, ह्या निश्चयानें ते नास्तिकपणाकडे एक जीवनधर्म म्हणून पाहतात.

ह्या युक्तिवादाचा आघात मोठा आहे, आणि श्रद्धावंतानें तो चुकवूं नये. तथापि तो तपासून घेतला पाहिजे. बंगालच्या दुष्काळांत किती माणसें मेलीं याचा सरकारी चौकशी-मंडळानें १९४५ सालीं दिलेला आंकडा सुमारें १५ लक्षांचा आहे. पुढील अभ्यासकांनीं तो सुमारें ३० लक्षांपर्यंत नेला. ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेल्यानें तेथून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून सरकारनें किनाऱ्याकडील नावा काढून घेतल्या. १९४२ च्या ऑक्टोबरांत मेदिनीपूरला तुफान झालें. आणि युद्धाच्या पैशानें फुगलेल्या बाजारांत तांदळाचा भाव मजुराच्या आवांक्याबाहेर गेला. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या दुष्काळावरील ग्रंथांत दाखविलें कीं, प्रांतांत धान्य मुळींच नव्हतें म्हणून हीं माणसें मेलीं नाहींत; तें विकत घेण्याची ऐपत आणि त्यावरचा हक्क त्यांच्यापाशीं उरला नव्हता म्हणून मेलीं. भरलेल्या दुकानाच्या आणि भुकेल्या माणसाच्या मध्यें कायदा उभा होता. गोरांनीं जें डोळ्यांनीं पाहिलें त्याला अशी शास्त्राची साक्ष मिळाली. परंतु त्यांच्या निदानांत मात्र तिनें दुरुस्ती केली. जो शेतमजूर जमीन आणि भांडींकुंडीं विकून, कित्येक कोस चालत शहरांत आला, तो त्या दुकानापाशीं पोंचला तेव्हां हिसकावून घेण्याइतकें बळहि त्याच्या हातांत नव्हतें. त्याच्या मरणाचा दोष त्याच्या श्रद्धेच्या माथीं मारणें म्हणजे मेलेल्यालाच पुन्हां आरोपी करणें होय.

येथेंच आम्हांस खरा प्रश्न दिसतो. भुकेल्याच्या दैववादापेक्षां पोट भरलेल्याचा दैववाद अधिक घातक आहे. दुकानदार, सावकार, अंमलदार आणि वर्तमानपत्र वाचून हळहळणारा आमच्यासारखा मध्यम स्थितींतील गृहस्थ, हे सर्व जेव्हां 'ज्याचें त्याचें कर्म' असें म्हणतात, तेव्हां तें वाक्य तत्त्वज्ञान राहत नाहीं. दाराला लावलेली कडी होते. गोरांचा घाव ह्या कडीवर बसतो, आणि तो बसलाच पाहिजे.

स्वतः गांधीजीहि ह्या दोषापासून सर्वदा मुक्त नव्हते, हें सांगण्यास आम्ही कचरत नाहीं. त्यांची हरिजन-यात्रा ७ नोव्हेंबर १९३३ रोजीं वर्ध्याहूनच निघाली होती. ती दक्षिणेंत असतां १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारचा भयंकर भूकंप झाला, आणि हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेला ईश्वरी दंड आहे, असें गांधीजींनीं जाहीर सभेंत सांगितलें. रवींद्रनाथ ठाकुरांनीं त्याचा तीव्र निषेध केला. अस्पृश्यतेविरुद्ध तेहि तितकेच होते. परंतु सृष्टीच्या उत्पाताला नीतीचें कारण चिकटविणें त्यांस अविवेकाचें वाटलें. गांधीजींनीं रवींद्रनाथांचें निवेदन आपल्या 'हरिजन' पत्रांत छापलें आणि त्याला उत्तर दिलें. पण आपलें मत सोडलें नाहीं. आमच्या मतें ह्या वादांत सत्य रवींद्रनाथांच्या बाजूला होतें. ज्या भूकंपानें मारतांना स्पृश्य आणि अस्पृश्य असा भेद केला नाहीं, त्याला अस्पृश्यतेचा दंड म्हणणें म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच त्या अन्यायाबद्दल शिक्षा झाली असें मानणें होय. देवाच्या न्यायबुद्धीची याहून मोठी विटंबना कोणी नास्तिकहि करणार नाहीं. गांधीजींच्या बाजूनें एवढेंच म्हणतां येईल कीं, त्यांनीं पापी म्हणून आपल्याच समाजाकडे बोट दाखविलें.

हें ध्यानांत ठेवून सेवाग्रामांतील संवाद वाचला म्हणजे त्याचें मोल कळतें. कलकत्त्याची हकीकत ऐकल्यावर गांधीजींनीं दुष्काळाची कोणतीहि ईश्वरी उपपत्ति पुढें केली नाहीं. आपली आस्तिकता खरी आणि तुमची नास्तिकता खोटी असें मी म्हणूं शकत नाहीं, आपण दोघेहि सत्याचे शोधक आहों, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें, आणि गोरांस आपलें कार्य चालविण्यास मोकळीक दिली. 'ईश्वर सत्य आहे' ह्याऐवजीं 'सत्य हाच ईश्वर' असें ते त्यापूर्वींच म्हणूं लागले होते. गोरांच्या कन्येचा विवाह अस्पृश्य मानलेल्या जातींतील तरुणाशीं ठरला, तेव्हां तो सेवाग्रामांत व्हावा अशी इच्छा गांधीजींनीं प्रकट केली, आणि विधींत 'ईश्वर' ह्या शब्दाच्या जागीं 'सत्य' घालण्यास संमति दिली. तो विवाह मार्च १९४८ मध्यें झाला. तेव्हां गांधीजी हयात नव्हते. शब्द सोडला तरी श्रद्धा सुटत नाहीं, ह्याचा याहून शांत पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां पुस्तकाच्या उणिवेकडे वळूं. गोरांचा नास्तिक मनुष्य हिसकावून घेऊं शकतो. परंतु जेथें हिसकावून घेण्यासारखें कांहींच नाहीं, तेथें त्यानें काय करावें? ह्या प्रश्नाला गोरांच्या युक्तिवादांत जागा नाहीं. आणि ज्या आश्रमांत हे संवाद झाले, त्याच आश्रमांत पांच वर्षांपूर्वीं हा प्रश्न देह धारण करून आला होता. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री हे कुष्ठरोगानें जर्जर होऊन १९३९ सालीं सेवाग्रामास आले. चालमोगऱ्याच्या तेलासारख्या उपायांपलीकडे त्या वेळीं ह्या रोगावर औषध नव्हतें; सल्फोन जातीच्या औषधाचा पहिला प्रयोग अमेरिकेंत १९४१ सालीं झाला. अशा माणसाला देवहि नको आणि दैवहि नको असें सांगणें सोपें आहे. पण त्याची रात्र सरण्यास त्यानें काय साधतें? समाज दूर सारतो, शरीर झडत जातें, आणि वैद्य मान हलवितो, अशा वेळीं त्या वृद्ध पंडितानें आपली श्रद्धा आणि आपली विद्या सोडली नाहीं. तिला दुबळेपणा म्हणण्याचा अधिकार आम्हांस तरी वाटत नाहीं.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाहीं. गांधीजींनीं परचुरेशास्त्र्यांस आश्रमांत जवळच कुटी दिली आणि स्वतःच्या हातांनीं त्यांचें अंग चोळलें. ती कुटी सेवाग्रामांत जतन करून ठेवलेली आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालींच कुष्ठरोग्यांची वसाहत स्थापिली होती. ह्या दोन्ही ठिकाणीं रोग्याला कोणी त्याचें पूर्वकर्म समजावून सांगत बसलें नाहीं. ज्याला दुःख झालें आहे त्यानें आपल्या दुःखाचा जो अर्थ लावावा तो लावावा. तो त्याचा हक्क आहे. पाहणाराला मात्र तो अर्थ लावण्याचा अधिकार नाहीं. त्याच्या वांट्याला फक्त सेवा येते. श्रद्धा आणि निर्दयता यांच्यामधील सीमारेषा आमच्या मतें नेमकी येथें आहे.

आपल्या संतपरंपरेनें ही रेषा ओळखली होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळांत तुकोबांचा व्यापार बुडाला आणि त्यांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली. त्या दुःखाची उपपत्ति लावून ते स्वस्थ बसले असें परंपरा सांगत नाहीं. आपल्या वांट्याची कर्जखतें त्यांनीं इंद्रायणींत बुडविलीं, असें ती सांगते. दामाजीपंतांच्या कथेंतहि असेंच आहे. मंगळवेढ्याच्या ह्या अधिकाऱ्यानें दुष्काळांत सरकारी कोठारें उघडलीं, आणि त्याची भरपाई करण्यास विठोबा विठू महार होऊन बेदरच्या दरबारीं गेला. ही कथा इतिहास म्हणून घ्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तींत देव कोणाच्या पक्षाचा आहे हें पाहावें. तो दुष्काळाचें समर्थन करीत नाहीं. कोठार उघडणाराचें देणें तो फेडतो, आणि तेंहि अस्पृश्याच्या रूपानें. दुःखाविषयींचें एवढें स्पष्ट उत्तर कित्येक भाष्यांतहि सांपडत नाहीं. गोरांस ही कथा माहीत असती तर त्यांनीं देव मानला असता असें नव्हे. पण आस्तिकांची श्रद्धा सर्वत्र भुकेल्याचे हातच बांधते, हें विधान त्यांस थोडें आंवरून घ्यावें लागलें असतें.

हा प्रश्न वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीनें अजून जुना झालेला नाहीं. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें केंद्र सरकारनें २००६ सालीं विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठीं साहाय्य जाहीर केलें, त्यांत अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम यांच्याबरोबर वर्धाहि होता. ज्या घरांतील कर्ता पुरुष कर्जापायीं गेला, त्या घरीं सांत्वनास जाणारा मनुष्य 'देवाची इच्छा' हे शब्द उच्चारतो तेव्हां तो काय बोलतो, याचा त्यानें विचार करावा. कर्जखत इंद्रायणींत टाकणाराची परंपरा आपली, आणि कर्जखत पेटींत ठेवून अभंग म्हणणाराचीहि आपलीच आहे.

गोरांचें पुस्तक एका बैठकींत वाचून होण्यासारखें आहे. त्याची भाषा साधी आहे, प्रतिपक्षाविषयीं त्यांत कोठेंहि कडवटपणा नाहीं, आणि आपण गांधीजींस जिंकलें असा आवहि लेखकानें आणलेला नाहीं. ज्या घरांत नित्य देवपूजा होते त्या घरांत तें विशेषेंकरून वाचलें जावें, अशी आमची शिफारस आहे. तें वाचून पूजा सुटेल अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. मात्र पूजा आटोपून उठल्यावर दाराशीं कोण उभा आहे हें पाहावें लागेल, आणि तेवढी अडचण वाचकानें सोसावी.