दासोपंतांची पासोडी आणि चित्रकलेचीं मूलतत्त्वें

अंबेजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) ग्रंथकार म्हणून महाराष्ट्रास परिचित आहेत. सव्वा लाख ओंव्यांच्या ‘गीतार्णवा’चा उल्लेख वाङ्मयाच्या इतिहासांत होतो, आणि बहुधा उल्लेखापुरताच राहतो. आज आम्ही त्यांच्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहणार आहों. बीड जिल्ह्यांतील या नगरींत त्यांनीं ‘पंचीकरण’ हा विषय कागदावर न लिहितां सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा पासोडीवर, म्हणजे जाड सुती पांघरुणाच्या कापडावर, लिहून काढला व मजकुरासंगें आकृत्याही मांडल्या. भाविकांनीं ती पूज्य मानली, पंडितांनीं तींतील ओंव्या मोजल्या. रेखा, वर्ण आणि रचना या अंगांनीं तिचें परीक्षण करावें असें मात्र फारसें कोणास सुचलें नाहीं.

विषयच असा आहे कीं तो आकृतीवांचून उमगणें कठीण. पृथ्वी, आप, तेज, वायु, आकाश यांपैकीं प्रत्येक सूक्ष्म भूताचे दोन भाग करावयाचे. एक अर्धा तसाच राखून दुसऱ्याचे चार समभाग इतर चार भूतांस वांटावयाचे. अशा रीतीनें प्रत्येक स्थूल भूतांत निम्मा अंश स्वतःचा व अष्टमांश इतर प्रत्येकाचा येतो. हें नुसतें ऐकणारा तिसऱ्या भूतापाशींच थकतो. पांच उभ्या व पांच आडव्या ओळींत मांडलें कीं डोळ्यास तत्काळ कळतें. आकृति येथें शोभेकरितां आलेली नाहीं. विषयाच्या गरजेंतून ती जन्मली आहे. रचनेचें पहिलें तत्त्व आम्हांस याहून स्पष्ट कोठें दिसलें नाहीं.

याउलट आमच्या शाळांतून शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी कशी होते तें पाहावें. स्मरणचित्र निराळें, संकल्पचित्र निराळें, भूमिति व अक्षरलेखन आणखी निराळें! संकल्पचित्र म्हणजे एका चौकोनांत पानेंफुलें बसवून रंग भरणें, अशीच मुलांची समजूत होते. नक्षी कशासाठीं, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. भूमिति आणि अक्षरलेखन एकाच पत्रिकेंत कां, याचेंही मुलांस कोडें पडतें. पासोडीपुढें उभें केल्यास तें आपोआप सुटेल.

रेखेविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. घोटलेल्या कागदावर बोरू मनसोक्त नाचतो, पण कापडाचा ताणाबाणा शाई ओढतो. केसासारखी बारीक रेघ तेथें तग धरीत नाहीं. अक्षर ठसठशीत काढावें लागतें आणि शिरोरेखेचा आधार घेऊन ओळ सरळ राखावी लागते. साधनाची अडचण कलावंतास शहाणा करिते ती अशी.

रंगाचा विचार आम्ही येथें अनुमानानेंच करितों. पंचीकरणाच्या परंपरेंत पृथ्वी पीत, आप शुभ्र, तेज आरक्त असे वर्ण सांगितले आहेत. अर्धा अंश आपला व अष्टमांश इतरांचा, हें प्रमाण चित्रकारानें आपल्या तबकांत करून पाहावें. शेजाऱ्याचें कांहींच न घेणारा पिवळा रंग चित्रांत परक्यासारखा उभा राहतो. अर्ध्याहून अधिक गमावणारा चिखल होतो. दासोपंतांनीं वर्णशास्त्र सांगितलें, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. परंतु यशोधरानें चित्राच्या षडंगांत ‘प्रमाण’ आणि ‘वर्णिकाभंग’ हीं दोन्ही अंगें मोजलीं आहेत, आणि त्यांचें नातें या हिशेबानें चांगलें ध्यानांत येतें.

दोषही सांगितला पाहिजे. ४० फुटांचा पट एका दृष्टिक्षेपांत मावत नाहीं. सबंध पटास एकच केंद्र असावें ही अपेक्षा येथें पुरी होत नाहीं. चिनी चित्रकारांचे लांब पट हातभर उलगडून पाहावयाचे असतात, तशीच ही वस्तु टप्प्याटप्प्यानें वाचावयाची आहे. एकसंध चित्र म्हणून आम्ही तिला वरची पायरी देणार नाहीं.

पासोडीची संहिता छापून निघाली आहे व अभ्यासकांची सोय झाली आहे. पण पानांत कापून बसविलेला पट तो पट नव्हे. तिचें मूळ आकाराचें छायाचित्र घेऊन जिल्ह्यांतील शाळांच्या ओसरींत मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावें, अशी आमची सूचना आहे. लांब ओसऱ्यांची तर आपल्याकडे वाण नाहीं.